त्यांच्या मापाचे घर



गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक आजी आम्हांला चर्चच्या आवारात भेटल्या. धर्मगुरुनिवासाच्या मागच्या भिंतीवर उंच लावलेल्या लाकडी पेटीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “फादर, ते वर काय लावलंय?” आम्ही म्हणालो, “आजी, ते वटवाघळांचं घर आहे. आपल्या युवकांनी बनवलंय.” आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे एका खोलीत सहा माणसं झोपतात, फादर. नातू लग्नाचा झालाय, त्याला खोली मिळत नाही. आणि तुम्ही वटवाघळांना घर बांधता?”

आम्ही हसून काहीतरी बोललो आणि दुसऱ्या भाविकांकडे वळलो. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत वाहनतळाचा विषय निघाला. रविवारी गाड्या लावायला जागा पुरत नाही, हे खरेच आहे. दफनभूमीच्या कडेची जुनी चिंच काढली तर पंधरा-वीस गाड्यांची सोय होईल, अशी सूचना आली. त्या चिंचेवर दिवसभर मोठी वटवाघळे लटकलेली असतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. एक सदस्य म्हणाले, “फादर, आपण पेटी लावलीच आहे ना त्यांच्यासाठी? मग चिंच काढायला काय हरकत आहे?”

आजींना वाटते की हे जरा अतीच झाले. सदस्यांना वाटते की केले तेवढे पुरे झाले. दोघेही भले आहेत, दोघांचेही प्रश्न सरळ आहेत. दोघांना उत्तर द्यायचे तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते. ती पेटी म्हणजे नेमके काय आहे? हौस आहे, दानधर्म आहे, की आणखी काही?

आमची चूक

पेटीची गोष्ट एका चुकीपासून सुरू होते आणि ती चूक आमची आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, मागच्या कोठीच्या कौलारू छपराची डागडुजी काढली होती. भिंत आणि छपराची फळी यांच्यामध्ये बोटभर रुंदीची फट होती. दिवेलागणीला तिथून लहान लहान वटवाघळे बाहेर पडत. भिंतीवर डाग पडत, खाली लेंड्यांचा सडा पडे. आम्ही गवंड्याला ती फट सिमेंटने बुजवायला सांगितले. काम दुपारी उरकले. वटवाघळे दुपारी कुठे असतात, हा विचार आमच्या मनात आला नाही.

त्या रात्री कोठीत खरखर ऐकू आली. उंदीर असतील असे समजून आम्ही झोपलो. चौथ्या दिवशी वास येऊ लागला तेव्हा गवंड्याला परत बोलावले. फट फोडल्यावर आत एकवीस वटवाघळे मेलेली सापडली. काहींच्या पोटाशी पिले चिकटलेली होती. एकेक जीव जेमतेम पाच रुपयांच्या नाण्याच्या वजनाचा. गवंडी हळूच म्हणाला, “फादर, रात्री ती बाहेर गेल्यावर बुजवलं असतं तर वाचली असती.” तेही अर्धेच खरे होते. मोठी वाचली असती, पिले आतच राहिली असती. पिले उडू लागेपर्यंत थांबणे आणि मग सर्व बाहेर गेल्यावर फट बंद करणे, हाच योग्य मार्ग होता. त्याला दोन महिन्यांचा धीर लागला असता. आम्हांला पावसाआधी काम संपवायचे होते.

ही हकिगत आम्ही युवक गटाला सांगितली. त्यांनी आम्हांला उपदेश केला नाही. पुढच्या आठवड्यात प्लायवूडच्या दोन फळ्या घेऊन आले.

अशुद्ध प्राणी आणि तारू

वटवाघळाच्या बाजूचे वचन पवित्र शास्त्रात शोधू गेलो तर फारसे हाती लागत नाही. लेवीय आणि अनुवाद या दोन्ही ग्रंथांत अशुद्ध पाखरांची यादी आहे आणि तिच्या शेवटी वटवाघूळ आहे. (ते पाखरू नव्हे, पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे, हे आज शाळेतले मूलही सांगेल.) यशया संदेष्टा सांगतो की देवाच्या दिवशी लोक आपल्या मूर्ती वटवाघळांपुढे टाकून देतील. बारूखच्या ग्रंथात वटवाघळे निर्जीव मूर्तींच्या डोक्यावर जाऊन बसतात. स्तोत्रकर्त्याला वेदीजवळ चिमणीचे घरटे दिसते आणि तो हरखून जातो. वटवाघळासाठी कोणी असे स्तोत्र रचले नाही.

पण अशुद्ध म्हणजे इस्राएलने खाऊ नये असे. देवाने ते निर्माण केले नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. जलप्रलयाच्या वेळी देवाने नोहाला शुद्ध प्राण्यांबरोबर अशुद्ध प्राण्यांच्या जोड्याही तारवात घ्यायला सांगितले. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. तारवाची मापे नोहाने ठरवली नाहीत. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, अशी ती देवाने दिली. ज्यांना आत राहायचे होते त्यांना पुरेल असे ते माप होते. नोहाने त्याबरहुकूम सुतारकाम केले.

देणे की दान?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून न्याय आणि प्रीती यांतला फरक आम्ही शिकलो. माझे आहे ते तुला देणे ही प्रीती. तुझे आहे ते तुला परत करणे हा न्याय. कोणी दुसऱ्याचे घेतले असेल तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही, भरपाई करावी लागते. जक्कय झाडावरून खाली उतरला तेव्हा त्याने प्रभूला हेच सांगितले. गरिबांना अर्धी संपत्ती हे दान होते, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट ही भरपाई होती. त्याने दोन्ही वेगवेगळी सांगितली, एकात दुसरे मिसळले नाही.

येथे कोणी अभ्यासू वाचक आम्हांला अडवील. न्याय हा माणसामाणसांत असतो, संत थॉमस स्वतः तसे म्हणतात, मग वटवाघळाचे देणे आपण कसे लागू? आक्षेप बरोबर आहे. वटवाघूळ आपल्यावर दावा लावू शकत नाही. पण संत थॉमस हेही शिकवतात की देवाचा चांगुलपणा एका प्राण्यात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले, आणि त्या जीवांवर आपण देवाच्या गौरवासाठी प्रेम करू शकतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच शिकवण आपल्या काळासाठी मांडली. एका घरमालकाकडे आपण भाड्याने राहतो आणि त्याच्याच दुसऱ्या भाडेकरूला परस्पर हुसकावतो, अशी कल्पना करा. दुसरा भाडेकरू मुका असेल. मालक मुका नाही.

शिवाय हे नुकसान शेवटी माणसापर्यंत पोहोचते. अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत वटवाघळांचा एक बुरशीजन्य रोग प्रथम आढळला आणि नंतर लाखो वटवाघळे मेली. शिकागो विद्यापीठातील संशोधक एयाल फ्रँक यांचा अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या परगण्यांत वटवाघळे मेली तिथे किडे खाणारे कमी झाले, म्हणून शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला, आणि त्याच परगण्यांत बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. तेराशेहून अधिक तान्ह्या बाळांचे मृत्यू, असा त्यांचा हिशेब आहे. त्या आयांना आपल्या बाळाचा आणि गुहेतल्या वटवाघळाचा काही संबंध असेल, असे स्वप्नातही वाटले नसेल.

तेव्हा आमच्या मते ती पेटी दान नव्हे. ती भरपाईचा एक लहानसा हप्ता आहे. फट आम्ही बुजवली, ती आता दुसरीकडे उघडून देणे आहे. आणि भरपाईचा एक नियम आहे. ती देणाऱ्याच्या सोयीने नव्हे, ज्याचे नुकसान झाले त्याच्या मापाने करायची असते.

दोन घरे

अमेरिकेतील दोन घरांवरून हे नीट समजते. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरी डॉ. चार्ल्स कॅम्पबेल नावाचे वैद्य होते. वटवाघळे डास खातील आणि हिवताप हटेल, या आशेने त्यांनी १९११ साली मिचेल तलावाजवळ वटवाघळांसाठी मनोरा उभारला. त्यांच्या आराखड्यावरून फ्लोरिडातील शुगरलोफ की या बेटावर रिक्टर पर्की या व्यावसायिकाने १९२९ साली तसाच मनोरा बांधला. त्यांना तिथे मासेमारीसाठी पाहुणे आणायचे होते आणि डास आड येत होते. मनोरा भक्कम आणि देखणा होता. वटवाघळे तिथे राहिली नाहीत. तो रिकामा मनोरा २०१७ च्या इर्मा वादळात पडेपर्यंत उभा होता.

दुसरे घर टेक्सासमधीलच ऑस्टिन शहरात आहे. तिथल्या काँग्रेस ॲव्हेन्यू पुलाचे १९८० साली नूतनीकरण झाले. पुलाखालच्या सांध्यांत साधारण इंचभर रुंद आणि खोल फटी राहिल्या. कोणीही त्या वटवाघळांसाठी ठेवल्या नव्हत्या, पण माप त्यांना अचूक जुळले. वटवाघळे आली, तेव्हा घाबरलेल्या नागरिकांनी त्यांना घालवण्याची मागणी केली. मग लोकांना त्यांची माहिती दिली गेली आणि भीती ओसरली. आज उन्हाळ्यात तिथे सुमारे पंधरा लाख वटवाघळे राहतात आणि संध्याकाळी ती बाहेर पडताना पाहायला लोक दुरून येतात.

एका घरामागे पैसा होता, योजना होती, नोकर ठेवावा तशी अपेक्षाही होती. दुसऱ्यामागे काहीच नव्हते, फक्त माप बरोबर होते. थॉमस नेगल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली एका प्रसिद्ध निबंधात विचारले होते की वटवाघूळ असणे म्हणजे काय असते, हे वटवाघळाला आतून कसे वाटते, ते आपल्याला कधी कळेल का? आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढणाऱ्या जीवाचे मन आपल्याला आतून कळत नाही. मग आपल्या आवडीने त्याचे घर कसे बांधायचे? पाहून, मोजून, ज्यांनी निरीक्षण केले त्यांचे ऐकूनच बांधावे लागते.

पेटी कशी असावी

ज्यांना आपल्या वाडीत पेटी लावायची आहे त्यांच्यासाठी आमच्या युवकांनी जमवलेली माहिती देत आहोत. पेटी उभट असावी, उंची दोन फूट, रुंदी दीड फुटाच्या आसपास. आत समोरासमोरच्या फळ्यांत पाऊण इंच ते एक इंच एवढेच अंतर. आपल्याला ते फार अडचणीचे वाटते, पण लहान वटवाघळाला अंगाला चिकटणारी जागाच सुरक्षित वाटते. तळ उघडा ठेवावा, म्हणजे ती खालून शिरतात आणि लेंड्या आपोआप खाली पडतात. मागची फळी खाली चार-पाच बोटे लांब सोडावी, तिथे ती उतरतात. आतली बाजू गुळगुळीत करू नये. पाय रोवता यावेत म्हणून अर्ध्या अर्ध्या इंचावर आडव्या खाचा पाडाव्या. आत रंग, पॉलिश, वाळवीचे औषध काही लावू नये. आपला पाऊस लक्षात घेऊन सांधे नीट बंद करावे आणि वरून छोटे छप्पर द्यावे.

जागा त्याहून महत्त्वाची. किमान बारा फूट, जमल्यास पंधरा फूट उंच. झाडापेक्षा भिंत किंवा खांब बरा, कारण झाडावर सावली फार आणि मांजर सहज चढते. खाली आणि समोर मोकळे हवे, कारण ती आधी खाली झेप घेऊन मग उडतात. रात्रीचा दिवा तोंडावर नको. जवळ विहीर किंवा बावखल असेल तर उत्तम, तिथे किडे असतात, पण पेटी पिण्याच्या पाण्यावर, दारावर किंवा खिडकीवर नको. थंड देशांतील पुस्तके पेटी दिवसभर उन्हात ठेवा असे सांगतात. तसे इथे केले तर आपण त्यांना पुन्हा भाजून मारू. आपल्याकडे पूर्वेचे सकाळचे ऊन पुरे, दुपारी सावली हवी, बाहेरचा रंग फिका हवा आणि बाजूला हवेसाठी चीर हवी.

हे सर्व करूनही ती येतीलच असे नाही. परदेशांतही दोन-दोन वर्षे वाट पाहावी लागते आणि आपल्याकडे अशा पेट्यांचा अनुभव अजून थोडा आहे. आमची पेटी आठ महिन्यांनंतरही रिकामी आहे.

भीतीविषयीही बोलले पाहिजे. २०१८ साली केरळात निपाहने माणसे दगावली, तो विषाणू मोठ्या फलाहारी वटवाघळांत असतो. २०२० साली करोनाच्या धास्तीने ठिकठिकाणी वटवाघळांना हुसकावण्यात आले. सावधगिरी जरूर बाळगावी. वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये. चावले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे. उष्टे फळ खाऊ नये, ताडी-माडीची मडकी झाकून ठेवावी, लेंड्या झाडताना नाक-तोंड झाकावे. मात्र झाड तोडून आणि थवा उधळून भीती कमी होत नाही. सैरभैर झालेले प्राणी आणखी घरांजवळ येतात.

चिंच आणि आजी

आता त्या दोन प्रश्नांकडे. कौन्सिलच्या सदस्यांना आमचे नम्र उत्तर असे आहे. पेटी चिंचेचा मोबदला होऊ शकत नाही. पेटीत राहणारी वटवाघळे किडे खाणारी, बोटाएवढी. चिंचेवरची फळे खाणारी, त्यांच्या पंखांचा विस्तार चार फुटांपर्यंत जातो. ती पेटीत मावत नाहीत आणि कोणत्याही पेटीत राहत नाहीत. त्यांना उंच, जुने झाडच लागते. त्यांची मादी वर्षाला एकच पिलू देते. सकाळी आपल्या अंगणात जे अर्धवट खाल्लेले बदाम पडलेले असतात आणि ज्यांतल्या बिया आपली मुले दगडाने फोडून खातात, ते याच वटवाघळांनी टाकलेले असतात. आपल्या कुंपणाच्या कडेला कोणी न लावता उगवलेली किती झाडे अशीच आली असतील! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही वटवाघळे अनेक वर्षे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली. शहरी भागात पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला महाराष्ट्राचा कायदा २०२१ पासून वारसा वृक्ष मानतो. कायद्यानेही आपले मन बदलले आहे.

एका ठिकाणी परत करायचे आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या ठिकाणी घ्यायचे, याला भरपाई म्हणत नाहीत. प्रायश्चित्त संस्काराला येताना पुढच्या पापाची परवानगी मागायला कोणी येत नाही. वाहनतळाचा प्रश्न खरा आहे. त्यावर दुसरा उपाय शोधू या: जवळ राहणाऱ्यांनी चालत यावे, शेजाऱ्यांनी एकाच गाडीतून यावे. निर्णय कौन्सिलचा आहे. आमचे मत चिंच राहावी असे आहे आणि ते आम्ही बैठकीतही मांडणार आहोत.

आणि आजी, तुमचा प्रश्न आम्ही टाळला, याची क्षमा असावी. तुमच्या नातवाची खोली आणि वटवाघळांची पेटी यांतून एकच निवडायचे असते तर आम्ही खोली निवडली असती. एक माणूस अनेक चिमण्यांहून मोलाचा आहे, हे प्रभूनेच सांगितले आहे. पेटीला गरिबांच्या निधीतला एक पैसाही लागलेला नाही. फळ्या उरलेल्या होत्या, श्रम युवकांचे होते. पण एवढ्यावर आमची सुटका होत नाही. तुमच्या नातवाला खोली का मिळत नाही? वाड्या गेल्या, बावखले बुजली, इमारती उठल्या आणि तरीही इथल्याच मुलाला इथे घर परवडत नाही. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा बुजलेल्या पाणथळ जागांची किंमत आपण सर्वांनी मोजली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लढा दिला, तो झाडांसाठी होता तसाच माणसांसाठीही होता. ज्या हव्यासाने वटवाघळांची जागा घेतली त्यानेच तुमच्या नातवाचीही घेतली. वटवाघळांना घर दिल्याने नातवाला घर मिळत नाही. पण दुसऱ्याचे घर त्याच्या मापाने मोजायला शिकलेला धर्मग्राम सहा माणसांच्या त्या खोलीकडेही डोळेझाक करू शकत नाही. निदान तशी आमची प्रार्थना आहे. भाड्याने द्यायला रिकामी खोली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कृपया कार्यालयात कळवावे. आम्ही हे गंभीरपणे लिहीत आहोत.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर युवक गट पेटी बनवण्याची पद्धत दाखवील. दिवेलागणीला कधी मागच्या अंगणात आलात तर पेटीखाली क्षणभर थांबून वर पाहा. आम्ही रोज पाहतो. अजून कोणी आलेले नाही. जागा तयार आहे.

सर्व जिवांचा निर्माता आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू